मैनाचं वेलँडशी भांडण

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर आवडाबाई डोर्लेकरशी वाद घालायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. सुरमईच्या भावावरून भल्याभल्या हॉटेलवाल्यांना तिने आपल्या माशांच्या पाटीसमोर गप्प उभं केलेलं आहे. पण तिची लेक मैना तिच्याहून वरचढ निघाली. आईचं भांडण बंदराबाहेर कधी गेलं नाही. मैनाचं मात्र चार खंडांतल्या माणसांशी झालं, आणि ते तिने डाव्या गुडघ्याने केलं.

गुडघ्याने म्हणजे अगदी खरोखर गुडघ्याने. मैना जन्मली तेव्हा मेंदूला प्राणवायू कमी पडला. हात तिचं ऐकत नाहीत, त्यांना वाटेल तिकडे जातात. बोलायला गेली की आवाज येतो, शब्द येत नाहीत. आवडाबाईला त्यातलं निम्मं कळतं आणि उरलेलं निम्मं ती आपल्या मनाने भरते, यावरून मायलेकींचे कित्येक वाद झालेत. लहानपणी आईने तिला कडेवर घेऊन शाळेत नेलं. कडेवर मावेनाशी झाली तशी शाळा सुटली, पण तोवर मैना वाचायला शिकली होती. मग तिने घरात येईल ते वाचलं. मासे गुंडाळून आलेला कागदही ती आईला नीट उलगडायला लावायची.

तिच्या आयुष्यात कॉम्प्युटर आणला गुरुप्रसाद तोडणकरने. हा वेळणेश्वरचा, रत्नागिरीत तंत्रनिकेतनात शिकवणारा, शेजारच्या आळीत भाड्याने राहणारा तरुण मास्तर. फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरचं त्याला वेड. त्याने एक मोठं बटण मैनाच्या खुर्चीला गुडघ्याजवळ बसवलं आणि पडद्यावर दिसणारा कीबोर्ड चालू करून दिला. त्या कीबोर्डवर एक पिवळी पट्टी ओळीमागून ओळ सरकत राहते. हवी ती ओळ आली की मैना बटण दाबते. मग पट्टी त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकते, हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाब. एक अक्षर उमटलं. वाक्य पूर्ण झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलून दाखवतो, थोडं नाकातून, पण स्पष्ट.

त्या एका बटणावर मैना बोलायला लागली, दूरदूरच्या माणसांशी पत्रव्यवहार करायला लागली आणि होड्यांवरची नावं काढायला लागली. नवी होडी पाण्यात जायची तर तिचं नाव ठसठशीत हवं. मैना अक्षरं आखून देते, बाजारातला दुकानदार ती चिकट कागदातून कापून देतो. आज बंदरात नीट बघितलंत तर ज्या होड्यांच्या नावातल्या वेलांट्या लाटेसारख्या मागे वळलेल्या दिसतील, त्या मैनाच्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका दुपारी गुरुप्रसाद उड्या मारतच आला.

"मैना, ऐकलंस? पुढच्या आवृत्तीत एक्स जाणार! एकदाचा!"

मैनाच्या पडद्यावरची पट्टी सरकली. "कोण एक्स?" कॉम्प्युटरने विचारलं.

आवडाबाई भाकऱ्या थापत होती. तिला वाटलं, मास्तरांची बदली झाली. म्हणून गुरुप्रसादने दोघींना समजेल असं सांगितलं. कॉम्प्युटरवर ज्या खिडक्या दिसतात त्या पडद्यावर मांडायच्या, आणि तुम्ही दाबलेलं बटण योग्य त्या खिडकीपर्यंत पोचवायचं, हे काम करणारा एक प्रोग्राम असतो. खुल्या प्रणालींमध्ये हे काम चाळीसेक वर्षं एक्स नावाचा प्रोग्राम करत आला. आता त्याच्या जागी नवा येतोय, वेलँड.

"मावशी, आपल्या बंदरात होड्या कशा एकीला एक लागून बांधतात?" तो म्हणाला. "शेवटच्या होडीवरचा खलाशी बाकीच्यांच्या फळ्यांवरून चालत धक्क्यावर येतो. एक्स तसा आहे. कुठलाही प्रोग्राम कुणाच्याही होडीत पाय टाकू शकतो. तिथे काय चाललंय ते बघू शकतो. वेलँडमध्ये प्रत्येक होडी वेगळी नांगरलेली. परवानगीशिवाय कुणी कुणाकडे जायचं नाही."

"बरा आहे की," आवडाबाई म्हणाली. "चोऱ्या तरी थांबतील."

मैनाने मात्र पिवळ्या पट्टीकडे बघितलं. मग गुडघा हलायला लागला. "सर, माझा कीबोर्डसुद्धा दुसऱ्याच्याच फळ्यांवरून चालत जातो ना?"

ही गोष्ट गुरुप्रसादच्या डोक्यातच आली नव्हती. पडद्यावरचा कीबोर्ड हा स्वतः एक प्रोग्राम. त्यात उमटलेलं अक्षर तो शेजारच्या खिडकीत नेऊन टाकतो. नव्या व्यवस्थेत नेमकं हेच बंद होणार होतं.

त्याने नवी आवृत्ती आणून तिच्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिली. खिडक्या झुळझुळ उघडत होत्या, पडदा कसा लख्ख दिसत होता. पिवळी पट्टीही सरकत होती. मैनाने बटण दाबलं, ओळ निवडली, अक्षर निवडलं. पण लिहायच्या खिडकीत काहीच उमटलं नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ती जोरजोरात दाबत राहिली, खुर्ची हलायला लागली, तिच्या घशातून मोठा आवाज निघाला, आणि आवडाबाई पिठाच्या हातांनी धावत आली.

"माझ्या पोरीचा आवाज कुणी नेलान?"

"मावशी, लगेच परत आणतो," म्हणत गुरुप्रसादने जुनी आवृत्ती पुन्हा बसवली. त्याला संध्याकाळ झाली. तेवढा वेळ मैना मुकी होती. कॉम्प्युटर पूर्ववत झाल्यावर तिने जे पहिलं लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. बंदरावर वाढलेल्या मुलीला शब्दांची वाण नसते.

ही प्रणाली जी मंडळी बनवतात, त्यांची एक चर्चेची जागा होती. कुणीही तिथे लिहावं. मैना तिथे जाऊन वाचायला लागली आणि हरखलीच. इतकं जोरदार भांडण तिने आईच्या पाटीसमोरही ऐकलं नव्हतं! एक पक्ष म्हणत होता, एक्स म्हातारा झाला, ठिगळावर ठिगळ लावून किती चालवायचा, त्याची देखभाल करायला माणसं उरली नाहीत. दुसरा म्हणत होता, चाळीस वर्षं चाललंय ते मोडता कशाला? कुणाचं पडद्याचं चित्र टिपायचं साधन बंद पडलं होतं, कुणाचं दुरून काम करायचं. एकमेकांना मूर्ख, हट्टी, गर्विष्ठ म्हणणं चाललं होतं. मैनाचे डोळे चमकायला लागले. वादात उडी घ्यायला ती अगदी उतावीळ झाली होती.

तिने लिहिलं, खरमरीत लिहिलं. तिची इंग्रजी सॉफ्टवेअरच्या सूचना वाचून शिकलेली, त्यामुळे वाक्यं हुकमासारखी यायची. कुणी लक्ष दिलं नाही. एकाने उत्तर दिलं की अशी गरज फार थोड्यांना असते, त्याचं नंतर बघू.

"नंतर म्हणजे कधी?" तिने आईला विचारलं, जणू आईला ते माहीत असणार.

आवडाबाईने लेकीच्या खुर्चीशेजारी बसकण मारली. "तू काय केलंस? वरडलीस?"

"हो."

"वरडून मासा खपत नाय गो. पाटीवरचा फडका काढ आणि दाखव."

मैनाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिने गुरुप्रसादला मोबाइल धरायला लावला. एकाच चौकटीत तिचा गुडघा, ते बटण आणि पडदा. आधी जुन्या प्रणालीवर तिने एक वाक्य लिहिलं आणि कॉम्प्युटरने ते म्हटलं. मग नव्यावर तेच वाक्य. बटणाचा टकटक आवाज येतोय, पट्टी सरकतेय, आणि खिडकी कोरीच. शेवटी तिने कॅमेऱ्याकडे बघितलं. बस, एवढंच. वर एक ओळ लिहिली: "पहिल्या भागात मी बोलते आहे. दुसऱ्या भागातही मी बोलतेच आहे."

चित्रफीत टाकली आणि चर्चेचं पान सळसळायला लागलं! जर्मनीतला एक जण, ब्राझीलमधली एक बाई, कुठल्याशा गावातली एक आई, ज्यांच्याकडे असंच कुणी होतं ते सगळे पुढे आले. जुन्याच्या पक्षातले तर नाचायलाच लागले. त्यांना वाटलं, आपल्याला सेनापती मिळाला.

आणि मग एस्टोनिया नावाच्या छोट्या देशातून इव्होचा निरोप आला. वेलँडवरचं बटणांचं काम सांभाळणाऱ्यांपैकी तो एक. त्याने लिहिलं होतं, "मी हे बनवताना तुमच्यासारखं कुणी माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. आपण व्हिडिओवर बोलू शकतो का?"

ठरल्या वेळी इव्हो पडद्यावर आला. लाल दाढी, मागच्या खिडकीबाहेर बर्फ. त्याने नमस्कार केला आणि प्रश्न विचारला. मैना उत्तर लिहायला लागली. पट्टी सरकतेय, टक, सरकतेय, टक. सवयीप्रमाणे गुरुप्रसाद मध्येच बोलायला गेला, तर इव्होने बोट ओठांवर ठेवलं. इव्हो थांबला. मधेमधे कॉफीचा घोट घेत, अजिबात न कंटाळता थांबला. मैनाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी ते पूर्ण करून टाकणारी माणसं तिने जन्मभर पाहिली होती. हा थांबणारा पहिलाच होता. तिने मुद्दाम लांबलचक वाक्य लिहिलं, आणि तो तेवढाच थांबला.

दोन-चार बैठकांनंतर इव्होने तिला एक गोष्ट करून बघायला सांगितली. त्याने एक चिमुकला प्रोग्राम पाठवला. तो जुन्या प्रणालीवर चालू करायचा आणि नेहमीसारखं काहीतरी लिहायचं. मैनाने आपली खासगी फाइल उघडली आणि लिहिलं, "आईने आज सारात पुन्हा मीठ जास्त घातलं, पण तिला सांगायची सोय नाही." तिने सहज त्या चिमुकल्या प्रोग्रामच्या खिडकीकडे बघितलं. तिथे तेच वाक्य होतं. मिठासकट.

म्हणजे बाहेरून आलेला कुठलाही प्रोग्राम तिचं सगळं ऐकू शकत होता. बँकेचा परवलीचा शब्द, मैत्रिणींना लिहिलेलं, सगळं. इतरांना निदान कुजबुजता येतं. तिचं तर सगळंच बोलणं या वाटेवरून जाणारं. ज्या फळ्यांवरून ती चालत होती, त्याच फळ्यांवरून कुणीही तिच्या होडीत येऊ शकत होतं.

त्या दिवशी ती फार विचार करत राहिली. मग चर्चेच्या पानावर तिने नवं लिहिलं: "मी जुन्याच्या बाजूची नाही आणि नव्याचीही नाही. मला दार असलेली खोली हवी. फक्त त्या दाराची कडी माझ्या गुडघ्याला पोचली पाहिजे."

आता दोन्ही पक्ष तिच्यावर उलटले. नव्याचे म्हणाले, दार ठेवलं की चोर त्यातूनच येणार. जुन्याच्या पक्षातला एक जण तर इतका चिडला की त्याने लिहिलं, "तू विकली गेलीस."

गुरुप्रसादने हे वाचून दाखवलं, तेव्हा आवडाबाईने हातातला कोयता खाली ठेवला. "कितीला म्हणतो तो?"

मैना इतकी हसली की खुर्चीचा पट्टा आवळून धरावा लागला. त्या हसण्याने तिच्यातली भीती पार गेली. तिने त्या माणसाला उत्तर दिलं, दुसऱ्यालाही दिलं, तिसऱ्यालाही दिलं. एकेक वाक्य लिहायला वेळ लागायचा, म्हणून वायफळ एक शब्द नसायचा. हळूहळू लोक तिच्या लिहिण्याची वाट बघायला लागले. "मैना काय म्हणते?" असं कुणीतरी विचारायचं आणि भांडण तेवढ्यापुरतं थांबायचं.

इकडे इव्होने कामाला जोर लावला होता. त्याची कल्पना अशी: एखाद्या प्रोग्रामला दुसऱ्या खिडक्यांत अक्षरं टाकायची असतील तर त्याने आधी मालकाची परवानगी मागावी. मालकाने हो म्हटलं की त्याला वाट मोकळी, बाकी सगळ्यांना बंद. चाचणीसाठी पहिली आवृत्ती मैनाकडे आली. कॉम्प्युटर सुरू झाला, कीबोर्ड आला, आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली: "या कीबोर्डला लिहायची परवानगी द्यायची का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही.

मैनाने गुडघ्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिने चौकटीकडे बघितलं, कीबोर्डकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. हो म्हणायला कीबोर्ड चालायला हवा, आणि कीबोर्ड चालायला आधी हो म्हणायला हवं! तिला हसू आवरेना. आवडाबाई विचारत होती, काय गो झाला, आणि गुरुप्रसाद डोक्याला हात लावून तिथेच जमिनीवर बसला होता. त्याने स्वतः माउसने हो दाबलं, तेव्हा कुठे मैनाला इव्होला कळवता आलं: "तुम्ही दार उत्तम केलंत. किल्ली आत राहिली."

इव्होही खो खो हसला. मग त्या दोघांनी, गुरुप्रसादला मध्ये घेऊन, त्यावर तोडगा काढला. कीबोर्ड बसवतानाच मालकाने एकदा परवानगी द्यायची, ती कायम लक्षात राहील, आणि कॉम्प्युटर सुरू होताना प्रवेशाच्या पडद्यापासूनच तो कीबोर्ड सोबत असेल. पुढे कितीतरी आवृत्त्या आल्या. एकीत अक्षरं दोनदा उमटायची, एकीत मराठी जोडाक्षरं फुटायची आणि 'रत्नागिरी'चे तुकडे पडायचे. मैना तक्रार करायची, इव्हो दुरुस्त करायचा. कधी तो वैतागायचा, कधी ती. पण बंदरात होडी आली की जशी लगबग उडते तशी लगबग त्या घरात नेहमीची झाली.

शेवटी निर्णयाचा दिवस आला. प्रणाली बनवणाऱ्यांची सभा व्हिडिओवर भरणार होती. एक्स आत्ताच काढायचा की थांबायचं हे तिथे ठरणार. मैनाला बोलायचं निमंत्रण होतं, आणि तिने कळवून टाकलं होतं की ती नव्या प्रणालीवरूनच बोलेल.

त्या सकाळी पडदा काळा! रात्रीतून आलेल्या नव्या दुरुस्तीने कॉम्प्युटर सुरूच होईना. गुरुप्रसादचा शर्ट घामाने भिजला. "जुन्यावरून बोलू या का?" त्याने विचारलं. मैनाने मान जोरात हलवली. ती मान कुठल्याही भाषेत नाहीच म्हणत होती. मोबाइलवरून इव्होला गाठलं, तो एकेक आज्ञा सांगत गेला, गुरुप्रसाद टाइप करत गेला. घरात आळीतल्या बायका जमल्या होत्या, कुणी पाणी आणत होतं, कुणी वाऱ्याला दार उघडत होतं. सभा सुरू व्हायला थोडाच अवकाश असताना पडदा उजळला आणि पिवळी पट्टी सरकायला लागली. बायकांनी अशी आरोळी ठोकली की सभेतल्या लोकांनी ती ऐकली.

मैनाने आधी लिहून ठेवलेलं काहीच वाचलं नाही. ती म्हणाली, "विचारा."

"विकली गेलीस" म्हणणारा माणूस सभेत होता. त्यानेच पहिला प्रश्न टाकला. "हे आत्ता, आमच्यासमोर, नव्या प्रणालीवर चाललंय याची खात्री काय? आणि चालत असेल तर आता आमच्या जुन्याचं तुला काय?"

पट्टी सरकायला लागली. सभेला तिचा पडदा दिसत होता, एकेक अक्षर डोळ्यांदेखत उमटत होतं. शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे थांबले. मग कॉम्प्युटर नाकातून बोलला:

"खात्री म्हणजे तुम्ही आत्ता थांबलात ती. माझं चालतंय. पण माझ्यासारखे जे अजून पोचले नाहीत ते यायच्या आत जुना पूल काढू नका."

टाळ्या वाजवायला सुरुवात त्या माणसानेच केली.

वाद तरीही रंगलाच. देखभाल कोण करणार, किती काळ, सगळं निघालं. शेवटी ठरलं: एक्स आणखी एका आवृत्तीपर्यंत राहील, त्यानंतर जाईल. आणि यापुढे प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी कुणीतरी ती फक्त एका बटणावर चालवून बघेल, कॉम्प्युटर सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत. त्यात अडलं तर आवृत्ती थांबेल. ही चाचणी घेणाऱ्यांची प्रमुख म्हणून मैनाचं नाव इव्होने सुचवलं, आणि ते एकमताने मंजूर झालं.

आवडाबाईला इंग्रजी काही कळलं नव्हतं. पण लेकीचा चेहरा बघून तिने आतून भलीमोठी सुरमई आणली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि इव्होला ठणकावून सांगितलं, "ये एकदा! तळून घालतंय!" त्याला ते पूर्ण कळलं.

आता मैनाला कामाची कमी नाही. होड्यांची नावं आहेतच, शिवाय चाचण्या आहेत, जगभरातून येणारे प्रश्न आहेत. मागच्या महिन्यात तर संगमेश्वरजवळच्या एका गावातून फोन आला. महिपत रामाणे नावाचे गृहस्थ, मुंबईत आधी गिरणीत आणि मग गोदामात नोकरी करून गावी परतलेले. अर्धांगवायूने वाचा गेली, एक अंगठा तेवढा हलतो. गुरुप्रसादने गाडी काढली, मैनाला खुर्चीसकट बसवलं, आणि दोघं तिकडे गेले.

मैना त्यांच्या खाटेशेजारी बसली. आपला गुडघा आणि पट्टी दाखवून तिने त्यांना रीत समजावली. सोबत आणलेला दुसरा कॉम्प्युटर त्यांच्यासमोर मांडून अंगठ्याखाली बटण ठेवलं. महिपतरावांना ओळ सापडायला वेळ लागला, चुकलं, पुन्हा चुकलं. त्यांची बायको मालन पदर तोंडाशी धरून उभी होती. काहीतरी देवाचं नाव येईल, नाहीतर तिचं, असं तिला वाटत असणार. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. अक्षर, आणखी अक्षर. मग कॉम्प्युटर बोलला:

"पंखा कमी करा."

मालनने डोक्यावर हात मारून घेतला. आजारी माणसाला उकडू नये म्हणून तिने तो पंखा दिवसरात्र जोरात ठेवला होता. ती धावत गेली, बटण फिरवलं, आणि तिथेच भिंतीला टेकून रडता रडता हसायला लागली. महिपतरावांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण ती पूर्ण हसली.

मैनाने आपल्या पडद्यावर लिहिलं, "आणखी काय राहिलंय सांगायचं?"

महिपतरावांचा अंगठा बटणावर पडला आणि पट्टी सरकायला लागली.